दुसरी चावी

मार्च लागला की बुलढाण्यात एकाच दिवसात दोन ऋतू राहायला येतात. सकाळी पठारावरचा वारा इतका गार असतो की दूध आणायला जाताना मी अजून शाल घेते. आणि दहा वाजले की ऊन खांद्यावर हात ठेवून उभं राहतं ते हलत नाही. कडुनिंब पानं गाळून मोकळे होतात. गल्लीतली पोरं अचानक सभ्य होतात. हातात पॅड, पॅडाच्या चिमट्यात हॉल तिकीट, आणि मागून कोणाची तरी आई "पेन दोन घेतले ना?" असं ओरडत फाटकापर्यंत आलेली.

माझी परीक्षा देण्याची वर्षं गेली, घेण्याचीही गेली. तरी परीक्षेच्या पहिल्या दिवशी साडेदहाच्या सुमारास मी हातातलं काम खाली ठेवते. सून थट्टेनं म्हणते, "आई, तुमचा पेपर आहे का आज?" मी हसते. तिला वाटतं, जन्मभर शिकवलं, सवय आहे. सवय नाही. मला त्या वेळी एक लोखंडी जाळीचं दार दिसतं, आणि दाराच्या पलीकडे, माझ्यापासून चार हातांवर पडलेला एक कागद.

सरस्वतीची देवळं आपल्याकडे फारशी नसतात. मारुतीला वेशीवर जागा मिळते, महादेवाला नदीकाठी, देवीला डोंगरावर. ही मात्र दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली, दोन झेंडूंत बसलेली, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलेली. आमच्या गावात तिला घर होतं. देऊळघाटच्या रस्त्याला, जिथं तेव्हा वस्ती संपून माळ सुरू व्हायचा, तिथं कचेरीतल्या, कोर्टातल्या आणि शाळांतल्या लोकांनी मिळून ते बांधलं होतं. हातभर उंचीची पांढरी मूर्ती, गाभाऱ्याला लोखंडी जाळीचं दार, पुढे पत्र्याचा सभामंडप, मागे पुजाऱ्याच्या दोन खोल्या. सगळे त्याला शारदेचं देऊळ म्हणत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या शाळेच्या काळात वर्गातला नकाशा दोनदा बदलला. आधी आम्ही नागपूरकडचे होतो, मग मुंबईकडचे झालो, मग महाराष्ट्राचे. आम्ही मात्र होतो तिथंच होतो, आणि गणित मला तिन्ही राज्यांत येत नव्हतं.

बाबा कोर्टात कारकून होते. दोन खोल्यांत आम्ही पाच भावंडं. एकानं मोठ्यानं वाचलं की बाकीच्या चौघांचं विसरायचं. म्हणून मॅट्रिकच्या वर्षी, संक्रांतीनंतर, बाबा मला पहाटे साडेपाचला देवळाच्या मंडपात सोडून फिरायला जाऊ लागले. तिथं एक दिवा रोज जळायचा. त्याच्याखाली घोंगडी टाकून मी बसायची. पत्र्यावर दव थेंबाथेंबानं वाजायचं, मागच्या खोलीत महाराज खोकायचे, आणि भांडी घासण्याच्या राखेचा वास यायचा.

पुजाऱ्यांना गाव नारायण महाराज म्हणायचं. बारीक, उंच, दम्यानं वाकलेला माणूस. त्यांची बायको गोदाकाकू. काकूंना अक्षरओळख नव्हती. पण मी वाचत असताना त्या अंगण झाडायच्या आणि मध्येच झाडू थांबवून म्हणायच्या, "कुसुमे, आता तू नुसती बडबडून राह्यली. कळून नाई राह्यलं तुले." आणि ते दर वेळी खरं असायचं. अजून मला उमगलेलं नाही की न वाचता येणाऱ्या बाईला माझं न समजणं कसं ऐकू यायचं. पुढे वर्गात मी तेच करायची. पुस्तकाकडे बघायचं नाही, मुलाच्या आवाजाकडे कान द्यायचा.

त्या जानेवारीत एके दिवशी महाराजांचा खोकला थांबतच नव्हता. सहा वाजत आले तरी गाभारा बंद. मग काकू ओलेत्यानं आल्या. इकडेतिकडे बघितलं. मी खांबाच्या आड होते. त्यांनी कनवटीतून चावी काढली, जाळीचं दार उघडलं आणि आत गेल्या. देवीचं तोंड त्यांनी असं पुसलं, जसं आपण झोपेतल्या लेकराचं पुसतो. फुलं बदलली, समई लावली, हलक्या आवाजात आरती म्हटली. बाहेर येऊन कुलूप लावताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कोणी जायचं नाही, असा त्या देवळाचा नियम होता. बाईनं तर नाहीच. विश्वस्तांच्या बायकासुद्धा जाळीबाहेरून हात जोडायच्या. आणि चावी एकच, ती महाराजांच्या जानव्याला, असं सगळं गाव समजायचं.

काकू माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "त्यायले धाप लागली का असंच करा लागते. मागच्या हिवाळ्यापासून करून राह्यली. देवीले काय उपाशी ठेवू?" मग माझा हात धरला. हात बर्फासारखा होता. "कोणाले सांगजो नको माय. घर हाय आमचं इथं."

"नाही सांगत," मी म्हणाले.

त्यानंतर चार-पाच वेळा तरी मी ते पाहिलं. आमच्या दोघींत त्याबद्दल पुन्हा शब्द झाला नाही. पण मी वाचत असताना त्या आत समई लावायच्या आणि मला वाटायचं, या पहाटे देवळात तिघीच आहोत.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सगळी मुलं देवळात यायची. हॉल तिकीट महाराजांच्या हातात द्यायचं, ते देवीच्या पायाला लावून परत द्यायचे, आणि मुलं कपाळाला कुंकू लावून घरी जायची. मी परत घेतलं नाही. गणिताचा पेपर चौथ्या दिवशी होता, पण त्याची भीती आतापासूनच येऊन बसली होती. मी महाराजांना म्हणाले, "रातभर राहू द्या ना पायापाशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "बरं. सकाळी सहाले घेऊन जाजो," म्हणाले, आणि तिकिटावर नारळ ठेवला.

सकाळी सहाला मंडपात दिवा नव्हता. जाळीला कुलूप होतं. समई विझलेली. उजेड फुटत होता आणि त्या करड्या उजेडात मला नारळाखालून डोकावणारं तिकिटाचं टोक दिसत होतं. मी हाक मारली. काकू मागच्या खोलीच्या दगडी पायरीवर बसल्या होत्या, देवळाकडे पाठ करून. त्यांनी मान वळवली, पण उठल्या नाहीत.

"इकडं येऊ नको," त्या म्हणाल्या. "सुतक हाय."

महाराजांचे थोरले भाऊ सुलतानपूरला वारले होते. दिवेलागणीनंतर, आम्ही मुलं गेल्यावर, माणूस निरोप घेऊन आला. महाराज पहाटेच्या पहिल्या बसनं निघून गेले होते. जाताना त्यांनी चिखलीला निरोप धाडला होता. बदली पुजारी बाराच्या गाडीनं येणार होता. तोवर देऊळ बंद. घाईत माझं तिकीट त्यांच्या लक्षात राहिलं नाही. चावी जानव्याला होती, ती त्यांच्याबरोबर गेली.

हे सगळं काकूंनी सांगितलं. एवढंच सांगितलं. मी त्यांच्या कमरेकडे बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं, आणि पदर पोटावर ओढून घेतला.

मी घराकडे धावले.

आज कोणी मला म्हटलं की एका कागदासाठी एवढं काय, तर मी त्यांना समजावून सांगू शकणार नाही. आता तिकीट हरवलं तर मूल कुठल्याही दुकानात जाऊन दुसरं छापून आणतं. तेव्हा ते एकदाच यायचं, शिक्क्यासकट, आणि शाळेत रांगेत उभं राहून सही करून घ्यायचं. बाबांनी माझ्या पाठच्या भावाला त्या वर्षी नवीन चपला घेतल्या नव्हत्या. फॉर्म भरताना हेडमास्तर म्हणाले होते, "मुलीचा भरताय? बरं." त्या 'बरं'मध्ये जे काही होतं, ते बाबांनी गिळलं होतं. म्हणून बाबा देवळात पोचले तेव्हा आधी माझ्यावरच ओरडले. "काऊन ठेवलं तिथं? कोणं सांगतलं होतं तुले?" मग लगेच छत्री उलटी धरून जाळीतून आत घातली.

छत्रीची मूठ नारळाला लागली. नारळ गडगडत बाजूला गेला. तिकीट मोकळं झालं. बाबांनी गुडघ्यावर बसून खांदा जाळीला दाबला, मूठ तिकिटावर टेकवली आणि अलगद ओढली. ते दोन बोटं पुढे आलं. तिसऱ्या वेळी मूठ सटकली आणि तिकीट घसरून समईच्या मागे गेलं. आता नुसती एक कड दिसत होती. छत्री तिथवर पोचत नव्हती.

बाबा सायकल काढून परीक्षा केंद्रावर गेले. केंद्रप्रमुख बाहेरगावचे होते. तिकिटाशिवाय आत घेणार नाही म्हणाले. ओळख पटवायला शाळा आहे, मास्तर आहेत, सगळं बाबा सांगून आले. ते म्हणाले, नियम आहे. तिथून बाबा मुख्य विश्वस्तांकडे गेले. ते गावातले मोठे वकील, ज्यांच्या कागदांवर बाबा रोज शिक्के मारायचे. ते पूजेत होते. बाबा ओसरीवर उभे राहिले.

मी तोवर जाळीपाशी. नऊ वाजले. साडेनऊ. लांब कुठंतरी शाळेची पहिली घंटा झाल्यासारखी वाटायची. मग कळायचं, बैलाच्या गळ्यातली होती. गोष्ट आसपास पसरली होती. शेजारच्या बायका, भाजी विकून परत चाललेले दोन माळी, माझी आई, सगळे मंडपात गोळा झाले. कोणी म्हणे कुलूप फोडा. कोणी म्हणे देवीचं कुलूप फोडलं तर पोरगी पास होईल काय? काकू त्याच पायरीवर होत्या. कोणी त्यांच्याजवळ जात नव्हतं. सुतकातल्या बाईजवळ कोण जाणार? मी दर थोड्या वेळानं त्यांच्याकडे बघायची. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

वकीलसाहेब आले तेव्हा दहा वाजून गेले होते. पांढरं स्वच्छ धोतर, पुण्याला शिकलेलं बोलणं. त्यांनी जाळीतून आत बघितलं, मूर्तीला नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "कुलूप फोडायचं तर विश्वस्तांची बैठक हवी. आणि फोडून आत जाणार कोण? नवीन पुजारी बाराला येतोच आहे."

"साहेब, पेपर अकराचा हाय," बाबा म्हणाले.

"परीक्षा ऑक्टोबरातही असते."

मी बाबांचे हात बघितले. छत्री त्यांनी दोन्ही हातांनी अशी धरली होती, जशी कोर्टात साहेबांपुढे फाईल धरतात. त्या क्षणी मला कळलं की बाबा आता यापुढे एक शब्द बोलणार नाहीत. बोलू शकणार नाहीत.

"दुसरी चावी नाहीच का हो कुठं?" आईनं पदराआडून विचारलं.

"नाही," वकीलसाहेब म्हणाले. "नियमच आहे. चावी एकच."

"आहे," मी म्हणाले.

आवाज माझाच होता. मी तो थांबवायला हवा होता आणि मी तो थांबवला नाही. "आहे. काकूंजवळ आहे."

सगळी मंडळी एकदम वळली. कपड्यांचा सळसळाट झाला. काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. रागानं नाही. मार पडणार हे कळल्यावर लेकरू मिटतं तसे.

"तुला कसं ठाऊक?" वकीलसाहेबांनी मला विचारलं. "कधी पाहिलीस? काय करताना पाहिलीस?"

मी तोंड उघडलं. त्या वेळी मी सगळं सांगितलं असतं. वेळ वाचावा म्हणून, पेपर मिळावा म्हणून, मी ओलेती साडी सांगितली असती, आरती सांगितली असती. पण काकू उठल्या.

"पोरीले इचारू नका. तिचा पेपर हाय," त्या म्हणाल्या. "चावी मायाजवळ हाय. यायले धाप लागे तवा पूजा म्या केली. दोन हिवाळे केली. जे इचाराचं ते मले इचारा. पण आंधी हे होऊ द्या."

त्या चालू लागल्या. लोक आपोआप मागे सरले, त्यांचा पदर कोणाला लागू नये म्हणून. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही सुतकात आहात. आत जाऊ नका."

"सुतक मले हाय," काकू म्हणाल्या. "देवीले नाई."

कुलूप उघडल्याचा आवाज बारीक होता. त्या आत गेल्या, समईमागून तिकीट काढलं. निघता निघता वाकल्या आणि बाबांच्या छत्रीनं गडगडलेला नारळ उचलून नीट उभा ठेवला. बाहेर येऊन त्यांनी तिकीट माझ्या हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं.

"उचल. मले शिवू नको. पुन्हा आंघोळ करत बसशीन. वेळ नाई."

बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं. सोळा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, मांडीवर पॅड. उतारावर बाबा ब्रेक न लावता सायकल सोडत होते आणि माझ्या कानाशी त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. केंद्राचं फाटक बंद होत होतं. तपासणाऱ्या मास्तरांनी तिकिटावरचा तेलाचा डाग बघून कपाळाला आठी घातली, मग नंबर वाचता आला म्हणून सोडलं. पेपर मराठीचा होता. निबंध कशावर लिहिला ते मला आठवत नाही. लिहिताना हात थरथरला नाही, एवढं आठवतं. त्याचीच मला पुढे लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी देवळात गोमूत्र शिंपडलं. मूर्तीवर पाण्याच्या घागरी ओतल्या. मी पेपरला जाताना रस्त्यावरून बघत होते. संगमरवरावरून पाणी ओघळत होतं, नवा पुजारी घासत होता, आणि मला दिसत होतं की ते नेमकं काय धुऊन काढत आहेत. एका बाईची बोटं. जाळीला नवं कुलूप आलं. सुतक संपवून परतल्यावर महाराजांना काय सांगायचं, ते विश्वस्तांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पण ते सामान न्यायलाही आले नाहीत. मी गणिताचा पेपर लिहीत होते त्या दुपारी सुलतानपूरहून पुतण्या बैलगाडी घेऊन आला आणि काकूंना घेऊन गेला. मी घरी येताना बघितलं, तर मागच्या खोल्यांची दारं सताड उघडी होती आणि अंगण झाडलेलं होतं. जातानासुद्धा त्या झाडून गेल्या होत्या.

बाबा म्हणाले, "तू खोटं नाई बोलली. खरं तेच बोलली." ते माझी समजूत काढत होते आणि स्वतःचीही. खरं बोलण्याचं हेच एक वाईट असतं. ते कोणासाठी बोललो, हे नंतर कोणी विचारत नाही. त्या मंडपात पहिलं खरं बोलले ती मी, आणि शब्द मोडणारीही मीच.

जूनमध्ये निकाल लागला. पास झाले. आईनं पेढे देऊन देवळात पाठवलं. वकीलसाहेब तिथं होते. मला ओळखलं, पेढा घेतला आणि प्रेमानं म्हणाले, "देवीची कृपा." माणूस वाईट नव्हता. पुढे माझ्या ट्रेनिंगच्या अर्जावर शिफारसही त्यांनीच लिहून दिली, आणि मी ती घेतली.

सरस्वतीची प्रार्थना शाळेत रोज व्हायची. शिक्षिका झाल्यावर मीही मुलांकडून म्हणवून घ्यायची. मुलं डोळे मिटायची. मी मिटत नसे. मिटले की पायरीवरचे ते दुसरे मिटलेले डोळे दिसायचे.

माझी पहिली नेमणूक मेहकरच्या बाजूला एका खेड्यात झाली. तिथून सुलतानपूर बसनं तासाभरावर. पोचल्या दिवसापासून मला ते माहीत होतं आणि मी सहा महिने गेले नाही. रविवारी कपडे धुवायची, वह्या तपासायची, घरी पत्र लिहायची. मग मार्च आला. माझ्या वर्गातली एक पोरगी परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाई, मले लय भेव लागून राह्यलं." पुढच्या रविवारी मी बस धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर बाजेवर नारायण महाराज उशीला टेकून बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली. ओळखलं नाही की ओळखूनच वळवली, मी ठरवू शकले नाही. आतून पुतण्याची बायको म्हणाली, "काकू मळ्यात हाये."

मळा गावाला लागून, रस्त्याच्या कडेला. विहिरीवर पुतण्या मोट हाकत होता. काकू वांग्याच्या वाफ्यात फावडं घेऊन उभ्या, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पाय चिखलात. त्यांनी मला लांबून येताना बघितलं. काम थांबवलं नाही. मी बांधावर जाऊन उभी राहिले.

"बस त्या दगडावर," त्या म्हणाल्या. "साडी भरंन."

मी बसले. पाणी दांडातून येत होतं, वाफा भरत होता.

"मास्तरीण झाली म्हणे."

"हो."

"गणितात किती पडले होते?"

"छत्तीस."

पस्तीसला पास होतं, हे त्यांना माहीत असावं. त्या हसल्या. मोठ्यानं, फावड्यावर हात टेकवून हसल्या. "अवो माय! एवढी धावपळ अन् एक मार्क वरतं!" मलाही हसू आलं आणि हसता हसताच मी रडायला लागले. मी म्हणाले, "काकू, मी तुम्हाले वचन देल्लं होतं." पुढचं नीट बोलता आलं नाही. घर गेलं, देऊळ गेलं, माझ्यामुळं गेलं, असं काहीबाही म्हणत राहिले.

त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "आता मायं ऐक. हे म्या यायलेबी नाई सांगतलं." आणि पुतण्या ऐकत नाही ना, म्हणून त्यांनी विहिरीकडे एकदा बघून घेतलं. "सकाळी सहाले तू आली तवा चावी मायाजवळच होती. तू कमरेकडं पाह्यलं, म्या पदर ओढला. तुले आठवते?"

"आठवते."

"चार घंटे बसली मी त्या पायरीवर. तू जाळीपाशी उभी होती, तुवा बाप छत्री घालून राह्यला होता, सगळं दिसून राह्यलं होतं मले. म्या ठरवलं होतं, नाई उठाचं. पोरीचं साल जाते तं जाऊ दे, आपलं घर तं राहीन." त्यांनी फावड्यानं चिखलाचं एक ढेकूळ फोडलं. "तू नसती बोलली तं मी उठलीच नसती, कुसुमे. लोक इथं म्हणतात, गोदीनं पोरीसाठी घर सोडलं. म्या काई सोडलं नाई. तू बोलली म्हणून सुटलं."

दोन वर्षं मी या बाईला देवीच्या शेजारी बसवून ठेवलं होतं आणि स्वतःला तिच्या पायापाशी. आणि ती इकडे, वांग्यांना पाणी देताना, तितकीच वर्षं माझ्यापुढे मान खाली घालून उभी होती. मला तिचा राग यायला हवा होता का? क्षणभर आलाही. चार तास. मी तिथं उभी होते आणि ती चार तास बसून होती. मग तो राग कुठं ठेवावा, तेच कळेना. मी तिच्या जागी असते तर मीही पदर ओढला असता. ती माझ्या जागी असती तर तीही बोलली असती. माफी मागायला मी आले होते. आता कोणी कोणाची मागायची?

"तुम्हाले पूजा करावीशी वाटते का आता?" मी विचारलं. उगाच, काहीतरी विचारायचं म्हणून.

"पहाटे जाग येते," त्या म्हणाल्या. "हात उठते. मंग इकडं येतो." आणि एकदम ओरडल्या, "अवो, वाफा फुटला!"

भरलेल्या वाफ्याचा बांध एका कोपऱ्यातून सुटला होता आणि पाणी वाटेवर धावत होतं. काकू फावडं घेऊन वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला. मी जवळ होते. चपला काढल्या, साडी वर खोचली आणि चिखलात उतरले. दोन्ही हातांनी माती ओढून भगदाडावर दाबली. माती हातातून निसटत होती. काकू आल्या, माझ्या शेजारी वाकल्या, आणि त्यांनी माझ्या हातांवरून आपले हात दाबले. "असं नाई. असं. दाबून धर. सोडू नको."

रस्त्यावर परतीची शेवटची बस आली. थांबली. कंडक्टरनं घंटी वाजवली, एकदा, मग पुन्हा. आम्हा दोघींनाही ती ऐकू आली. बस निघून गेली, तिची धूळ मळ्यावरून हळूहळू पुढे सरकत गेली, आणि आम्ही दोघी वाकलेल्याच राहिलो, पाणी थांबेपर्यंत.